बाळू पालवणकर आणि कप्तानपदाचा प्रश्न

यंदाच्या वसंत व्याख्यानमालेसाठी चालकांनी आम्हास विषय विचारला, तेव्हा आम्ही हमाल-तोलारांच्या मजुरीवर, माथाडी कायद्यावर किंवा फार तर ऊसतोड कामगारांच्या उचलीवर बोलू अशी त्यांची अटकळ असावी. एका क्रिकेटपटूवर बोलणार म्हणताच ते जरा गोंधळले. मुरुमच्या मोंढ्यात तीस वर्षे हमालांची संघटना बांधणाऱ्या माणसाने खेळावर काय बोलावे, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे वाचनालयात, रात्री, दिवसाच्या पोत्यांचा ठणका पाठीत असताना झालेले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा श्रोत्यांनी ठेवू नये. पण ज्या माणसाची गोष्ट सांगावयाची आहे तो मुळात मजूर होता, महिना तीन रुपयांवर राबणारा, आणि त्याच्या आयुष्याचा अर्थ खेळाच्या जाणकारांइतकाच, किंबहुना थोडा अधिक, मजुरांच्या माणसाला कळावा असे आम्हास वाटते.

हा विषय डोक्यात कसा शिरला तेही सांगून टाकतो. काही वर्षांमागे जवळच्या एका पेठेत व्यापारी मंडळींनी क्रिकेटचे सामने भरवले. एका संघाला वेगाने चेंडू टाकणारा मिळेना, म्हणून त्यांनी आमच्या टोळीतला एक पोरगा नेला. पोराने तीन सामने जिंकून दिले. चषक आला, फोटो निघाले, रात्री जेवण झाले. फोटोत पोरगा नव्हता आणि जेवणालाही नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला विचारले, "का रे, गेला नाहीस?" तो पोते उचलता उचलता म्हणाला, "दादा, आमाला बॉल टाकायला बोलावलं हुतं. जेवायला कुठं?" त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि आम्हाला लागले ते तेच. त्यानंतर आम्ही बाळू पालवणकरांविषयी हाती लागेल ते वाचून काढले.

पालवणकर हे आडनाव कोकणातले, चिपळूणकडच्या पालवण गावावरून आलेले. जात चांभाराची. बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला झाला. वडील लष्करी नोकरीत, त्यामुळे कुटुंब पुण्यास येऊन स्थिरावले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम खेळू लागले. पुढे विठ्ठल आणि गणपत हेही भाऊ खेळात उतरले आणि चौघेही हिंदूंच्या संघातून खेळले. अस्पृश्य मानलेल्या एका घरातून चार खेळाडू! आज एखाद्या घरातून दोन भाऊ देशाकडून खेळले तर आपण केवढे कौतुक करतो.

घरची गरज होती, म्हणून बाळूंनी शिक्षण सोडून पुण्यात पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात चाकरी धरली. काम खेळपट्टी झाडण्याचे आणि रूळ फिरवण्याचे, पगार महिना तीन रुपये. १८९२ साली त्यांनी गोऱ्यांच्या पूना क्लबात नोकरी घेतली. तिथे चार रुपये मिळू लागले. एक रुपयाची वाढ, आणि कामे मात्र दुप्पट: खेळपट्टी लोळवणे, रेघा आखणे, सरावाची जाळी उभारणे, टेनिसच्या मैदानाची निगा. पगारवाढीबरोबर कामाचा बोजा कसा गुपचूप वाढवला जातो हे आमच्या सभासदांना वेगळे सांगावयास नको.

ट्रॉस नावाच्या एका साहेबाने त्यांना सरावासाठी चेंडू टाकावयास सांगितले, आणि मग हेही त्यांच्या कामांत जमा झाले. पुण्याचा नामांकित गोरा फलंदाज म्हणजे कॅप्टन ग्रेग. आद्याक्षरे जे. जी., त्यावरून लोक त्याला 'जंगली' म्हणत. (हा पुढे म्हातारपणी धर्मगुरू झाला, पण ती गोष्ट निराळी.) हा ग्रेग इतरांच्या तासभर आधी मैदानावर येई आणि बाळूंकडून चेंडू टाकून घेई. त्याला बाद केले की दर वेळी आठ आणे बक्षीस, अशी एक दंतकथा आहे. ती खरी असेल तर आठ वेळा ग्रेगला बाद केले की महिन्याचा पगार सुटला! खरी असो वा नसो, दंतकथेतून एक गोष्ट नेमकी दिसते. चेंडू टाकणे ही बाळूंची मजुरी होती आणि तो फटकावणे हा साहेबांचा खेळ होता. त्या क्लबात बाळूंनी हजारो चेंडू टाकले असतील. बॅट मात्र साहेबांनी त्यांच्या हाती कधी दिली नाही.

ज्यांना या खेळाची फारशी ओळख नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. फलंदाज दांडू घेऊन उभा राहतो, धावा काढतो, टाळ्या त्याला मिळतात. गोलंदाज दिवसभर धावत येऊन चेंडू टाकतो, उन्हात घाम गाळतो, आणि त्याचा चेंडू सीमेपार गेला की टाळ्या पुन्हा फलंदाजालाच. म्हणून राजेरजवाडे आणि साहेबलोक हौसेने फलंदाज होत आणि गोलंदाजी चाकरांकडे जाई. बाळू डावऱ्या हाताने संथ गोलंदाजी करीत. संथ म्हणजे सोपी नव्हे. चेंडू हवेत किती उंच सोडावा, कोठे टप्पा पाडावा, टप्प्यानंतर तो किती वळावा, हे सारे बोटांवर आणि मनगटावर ठरते. त्या काळी खेळपट्ट्या झाकीत नसत. पावसाने भिजून उन्हाने सुकू लागलेल्या खेळपट्टीवर अशा गोलंदाजासमोर उभे राहणे म्हणजे परीक्षाच. वर्षानुवर्षे ज्याने स्वतः रूळ ओढला त्या माणसाला मातीचा स्वभाव फलंदाजापेक्षा अधिक कळत असला तर नवल काय?

पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवावयाचे होते. गोऱ्यांच्या मैदानावर असा एक गोलंदाज आहे की ज्याच्यापुढे ग्रेगचीही त्रेधा उडते, ही वार्ता पसरली होती. त्याला घ्यावे की नाही यावर क्लबात वाद झाला. काही तेलुगू सभासद घ्यावे म्हणणारे आणि काही ब्राह्मण सभासद विरोध करणारे. शेवटी जिंकण्याची इच्छा सोवळ्यापेक्षा बलवत्तर ठरली आणि बाळू संघात आले.

पण कसे आले? मैदानावर सर्वांनी एकच चेंडू हाताळावयाचा. तो चेंडू विलायतेहून आलेला असला तरी कातड्याचाच, हे ध्यानात घ्यावे. तो हातात घेऊन पायजम्याला पुसताना कोणाचे सोवळे मोडत नसे. मात्र चहाची वेळ झाली की इतर खेळाडू मंडपात चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत आणि बाळूंना बाहेर मातीच्या बोळक्यात चहा दिला जाई. पिऊन झाल्यावर ते टाकून द्यावयाचे. जेवणाचे पान निराळे. तोंड धुवावयाचे झाले तर पाणी ओतावयास अस्पृश्य गडी. आमच्या वयाच्या लोकांना हे पुस्तकात वाचावे लागत नाही. आम्ही लहान असताना या भागातल्या एका गावात चहाच्या दुकानाबाहेर खांबाला अडकवलेले वेगळे पेले आम्ही पाहिले आहेत. १९७० नंतरच्या दशकात बाबा आढावांनी 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ महाराष्ट्रभर चालवली ती उगाच नव्हे. आणि ते हमालांचेही नेते होते हा योगायोग नाही.

पुण्याच्या हिंदूंनी गोऱ्यांना हरवले, साताऱ्यास जाऊन तिथल्या गोऱ्यांच्या जिमखान्यालाही हरवले. बाळूंनी त्या सामन्यात सात गडी बाद केले. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांचे जाहीर कौतुक केले. रानड्यांचा मुद्दा रास्तच होता: ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवावयास काय हरकत? पण कौतुकाने पेला बदलावयास वेळ लागतो.

१८९६ साली पुण्यात प्लेगाची साथ आली आणि पालवणकर मंडळी मुंबईस गेली. बाळूंनी पुढे बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरी केली आणि रेल्वेच्या संघातून ते खेळले. मुंबईत हिंदू जिमखाना १८९४ साली निघाला होता. तिथेही आरंभी कुरकुर झाली, पण तेव्हाच्या कप्तानाने, कीर्तिकरांनी, बाळूंना घेण्याचा हट्ट धरला.

येथे मुंबईच्या क्रिकेटची रचना समजून घेतली पाहिजे. पारशांनी १८४८ साली आपला पहिला क्लब काढला, हिंदूंनी १८६६ च्या सुमारास. हे क्लब धर्माचे आणि हिंदूंत तर पोटजातींचेही होते. १९०७ साली हिंदू, पारशी आणि युरोपियन असे तिरंगी सामने सुरू झाले, १९१२ साली मुसलमान संघ येऊन ते चौरंगी झाले, आणि १९३७ साली पाचवा संघ येऊन पंचरंगी. १९४६ साली ही धर्मवार स्पर्धा कायमची बंद पडली. यात खेळणे म्हणजे त्या काळी आपल्याकडच्या क्रिकेटपटूचा सर्वोच्च मान. मुंबईभर दुकाने आणि कचेऱ्या ओस पडत, एवढी गर्दी लोटे.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबई जिमखान्याच्या मैदानावर हिंदू आणि युरोपियन यांचा सामना झाला. बंगालच्या फाळणीने देश तापलेला, स्वदेशीची चळवळ ऐन भरात. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या, गोऱ्यांनी १९१. दुसऱ्या डावात हिंदू १६० धावांत बाद झाले. गोऱ्यांना जिंकावयास २१२ धावा हव्या होत्या, आणि ते १०२ धावांत गुंडाळले गेले. १०९ धावांनी विजय! दोन डाव मिळून बाळूंनी आठ गडी बाद केले, संघात शिवरामही होता. ज्यांना शिवू नये म्हणत त्यांच्या हातांनी हिंदूंची अब्रू राखली. तेव्हाच्या सुधारक वृत्तपत्रांनी हा अर्थ ओळखून लिहिले. इतर लोकांनी फक्त विजय साजरा केला.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या कप्तानीखाली एक अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. महाराज मोजकेच सामने खेळले. बाकीचा वेळ त्यांचा राजेशाही पाहुणचारात गेला. संघ बहुतेक सामने हरला. पण बाळूंनी दुखऱ्या खांद्याने त्या उन्हाळ्यात सर्व सामने मिळून ११४ गडी बाद केले, सरासरी प्रत्येकी १९ धावांच्या आत. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात आठ. लीस्टरशायरला हरवले त्यात त्यांचा मोठा वाटा होता, आणि सॉमरसेटविरुद्ध शिवरामने नाबाद शतक काढून सामना जिंकून दिला. इंग्लिश कौंटी संघांनी बाळूंना आपल्याकडे घेतले असते, अशी चर्चा तेव्हा झाली. उच्च दर्जाच्या सामन्यांची त्यांची पुढे झालेली नोंद अशी आहे: ३३ सामने, १७९ गडी, सरासरी १५.२१. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ साली लॉर्ड्सवर झाला, तेव्हा बाळू पंचावन्न उलटलेले होते. कसोटीच्या यादीत त्यांचे नाव नाही ते एवढ्याचसाठी.

परतल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र एका तरुण विद्यार्थ्याने लिहिले होते. त्याचे नाव भीमराव आंबेडकर, असे रामचंद्र गुहा यांनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या क्रिकेटच्या सामाजिक इतिहासात नोंदवले आहे. ज्या मुलाला शाळेत पाणी वरून ओतून प्यावे लागले, त्याला त्या दिवशी बाळूंकडे पाहून काय वाटले असेल याची कल्पना प्रत्येकाने आपल्यापुरती करावी.

आता आमचा खरा मुद्दा. एवढे सारे झाल्यावर हिंदू संघाचे कप्तानपद बाळूंना मिळावयास हवे होते की नाही? अनुभवाने सर्वांत ज्येष्ठ, कर्तबगारीने सर्वांत थोर. तरी दर वर्षी निवड समिती कोणातरी दुसऱ्याचे नाव काढी. १९१३ साली एम. डी. पै कप्तान झाले. ते सारस्वत ब्राह्मण, पण सरळ मनाचे. सत्काराच्या सभेत त्यांनीच सांगितले की हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी म्हणून माझे स्नेही बाळू यांना जावयास हवा होता. असा माणूस दुर्मिळ खरा, पण खुर्ची मात्र पैंकडेच राहिली.

कप्तान म्हणजे कोण हे आमच्या लोकांना एका शब्दात सांगता येईल: मुकादम. उसाच्या फडात कोयता चालवणारे शंभर असोत, कोणी कोठे लागावयाचे, कोणी विसावा घ्यावयाचा, हे मुकादम ठरवतो. मैदानात क्षेत्ररक्षक कोठे उभे करावयाचे, चेंडू कोणाला द्यावयाचा, कोणाला थांबवावयाचे, हे कप्तान ठरवतो. म्हणजे बाळूंना कप्तान केले असते तर एका चांभाराच्या बोटाच्या इशाऱ्यावर ब्राह्मण आणि प्रभू खेळाडू इकडून तिकडे हलले असते. एकत्र चेंडू हाताळणे चालले, पुढे पुढे एकत्र जेवणेही चालले असेल. हुकूम ऐकणे मात्र चालेना. अस्पृश्यतेची खरी हद्द पेल्यापाशी नव्हती, हुकमापाशी होती, असे आमचे मत आहे.

१९२० साली गाठ सुटण्याची वेळ आली. डिसेंबर महिना, मुंबईत चौरंगी सामने. पै आजारी पडले, पहिल्या सामन्यास येऊ शकले नाहीत. आता कप्तानपद ओघानेच पालवणकर बंधूंकडे यावयाचे. समितीने काय करावे? बाळूंना संघातूनच वगळले आणि कप्तानी पुण्याच्या दिनकर बळवंत देवधरांना दिली. देवधर पुढे फार मोठे फलंदाज ठरले, त्यांच्या गुणवत्तेबद्दल आमची तक्रार नाही. पण विठ्ठल त्यांच्याहून ज्येष्ठ होता. विठ्ठल आणि शिवराम या दोघांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपली कारणे 'बाँबे क्रॉनिकल' या पत्रात प्रसिद्ध केली. निवडीत पक्षपात झाला आहे आणि तो जातीमुळे झाला आहे, असे त्यांनी उघड सांगितले.

याला आमच्या भाषेत संप म्हणतात. हातातले काम खाली ठेवणे, मागणी जाहीर करणे आणि ती लोकांपुढे मांडणे, संपाला आणखी काय लागते? बाळूंनी वीस-पंचवीस वर्षे उत्तम काम करून जे मिळवले नव्हते ते या दोघांनी काम थांबवून मिळवले. अंतिम सामना पारशांशी होता. पै बरे होऊन परतले, विठ्ठल आणि शिवराम संघात आले, आणि बाळूंना उपकप्तान नेमले गेले. सामना चालू असता पै काही वेळ मैदानाबाहेर गेले. तेवढा वेळ हिंदूंचे कप्तान बाळू पालवणकर होते. चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांचा माणूस, खांदा गेलेला. तो क्षेत्ररक्षकांना हातवारे करून जागा देतो आहे आणि ते त्या जागांवर जाऊन उभे राहत आहेत. त्याच महिन्यात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने अस्पृश्यता निवारणाचा पुकारा केला. नागपूरच्या ठरावापेक्षा मैदानावरचा तो थोडा वेळ आम्हास अधिक वजनदार वाटतो.

१९२३ साली विठ्ठल हिंदूंचा कप्तान झाला. त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवले आणि लोकांनी विठ्ठलला खांद्यावर घेतले. ज्याला शिवू नये त्याला खांद्यावर!

असाच प्रकार परदेशातही घडला, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे, आपल्या क्रिकेटचा चुलतभाऊ म्हणावा असा: एकाने चेंडू फेकावयाचा, दुसऱ्याने दांडूने मारून धावावयाचे. १८८४ साली मोझेस फ्लीटवुड वॉकर हा काळा खेळाडू टोलेडोच्या संघातून वरच्या दर्जाचे सामने खेळला होता. त्यानंतर गोऱ्या मालकांनी कोणताही लेखी नियम न करता काळ्यांना असे बाहेर ठेवले की साठ वर्षे एकही काळा त्यात दिसला नाही. काळ्यांचे सामने निराळे. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्स या संघातून मैदानात उतरला तेव्हा ही भिंत पडली. (त्या दिवशी आमचे मुरुम अजून निजामाच्या राज्यात होते.) त्याला आणणारा संघाचा चालक ब्रँच रिकी याने आधीच अट घातली होती: शिव्या खाव्या लागतील, पण उलट हात उगारावयाचा नाही. प्रेक्षकांनी शिव्या दिल्या, प्रतिस्पर्ध्यांनी दिल्या, आणि त्याच्याच संघातील काहींनी त्याच्याबरोबर खेळावयास नकार देण्याची तयारी चालवली होती. रॉबिन्सन खेळत राहिला. १९४९ साली त्याच्या विभागातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, १९५५ साली त्याच्या संघाने जागतिक मालिका जिंकली. १९९७ साली सर्व मोठ्या संघांनी त्याचा ४२ हा क्रमांक कायमचा राखून ठेवला.

पण येथेही प्रश्न चेंडूचा नव्हता, हुकमाचा होता. बेसबॉलमध्ये संघ चालवणाऱ्यास मॅनेजर म्हणतात. ऑक्टोबर १९७२ मध्ये, मृत्यूच्या नऊ दिवस आधी, रॉबिन्सनचा हजारो लोकांसमोर सत्कार झाला. मधुमेहाने जवळजवळ अंध झालेला तो माणूस आभार मानून थांबला नाही. एखादा काळा मॅनेजर पाहावयास मिळाला तर मला अधिक समाधान होईल, असे तेथेच म्हणाला. पहिला काळा मॅनेजर १९७५ साली झाला. म्हणजे खेळावयास घेतल्यापासून हुकूम देऊ देण्यापर्यंत अठ्ठावीस वर्षे. मुंबईच्या हिंदूंना १९०६ पासून धरले तर सतरा. यात आपण पुढे होतो अशी फुशारकी मारण्याचे कारण नाही; त्यांच्याकडचा क्रम थांबला नाही आणि आपल्याकडे मात्र पुढील शंभर वर्षांत देशाच्या संघात दलित खेळाडू बोटांवर मोजण्याइतकेच दिसले.

बाळूंच्या उत्तरायुष्यातील राजकारण हा नाजूक भाग आहे. कित्येक लेखक तो गाळतात. आम्हास तो गाळता येणार नाही. १९३२ साली गांधीजींनी येरवड्यात उपोषण केले आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. त्यावर सही करणाऱ्यांत पी. बाळू हे नाव आहे. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ नकोत, हिंदू समाजातच राहून हक्क मिळवावे, या बाजूचे ते होते. १९३५ साली येवल्यास आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, तिलाही त्यांचा विरोध होता. आणि १९३७ च्या मुंबई प्रांतिक विधिमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने आंबेडकरांविरुद्ध उमेदवार म्हणून उभे केले ते बाळूंना. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५.

ज्याने मानपत्र लिहिले आणि ज्याला ते दिले गेले, ते दोघे एकमेकांविरुद्ध. आमच्यासारख्याला याचे दुःख दुहेरी होते, कारण आंबेडकर ती निवडणूक १९३६ साली काढलेल्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे लढवीत होते. तो मजुरांचा पक्ष होता, आणि समोर चार रुपयांवर रूळ ओढलेला माणूस. आमच्या मते बाळूंची बाजू चुकली. पण त्यांना विकले गेलेले म्हणणे अन्यायाचे होईल. हिंदू संघातून खेळतच त्यांना जे मिळाले ते मिळाले होते. दार आतून ढकलले तर उघडते हा त्यांच्या आयुष्याचा अनुभव होता. ते दार भावांच्या बहिष्कारामुळे उघडले हे त्यांनी पुरेसे मनावर घेतले नाही, एवढेच आम्ही म्हणू. मालक नेहमी आपल्यातलाच एक चांगला माणूस आपल्यासमोर उभा करतो. त्यात दोष उभे करणाऱ्याचा अधिक. रॉबिन्सनचेही असेच झाले. १९४९ साली सरकारी चौकशी समितीपुढे त्याला पॉल रोबसन या काळ्या गायकाविरुद्ध साक्ष द्यावयास बोलावले, आणि त्याने ती दिली. उतारवयात लिहिलेल्या आत्मचरित्रात रोबसनविषयी आपला आदर वाढल्याचे त्याने मोकळेपणाने मान्य केले. बाळूंनी आपल्या मनातले लिहून ठेवलेले नाही.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळू वारले. पुढे हे नाव जवळजवळ पुसले गेले. त्यांच्या नावाची मोठी स्पर्धा नाही, क्रिकेटवेड्या पोरांना रणजी ठाऊक, देवधर ठाऊक, बाळू नाही. २००१ साली 'लगान' या चित्रपटात कचरा नावाचा अस्पृश्य गोलंदाज दिसला तेव्हा लोकांना ती लेखकाची कल्पना वाटली. त्या कचऱ्याला गावाने शेवटी संघात घेतले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. कचऱ्याला कप्तान करावे असे पडद्यावर कोणालाच सुचले नाही, आणि खरे सांगावयाचे तर पाहताना आम्हालाही सुचले नव्हते.

आमच्या टोळीतला तो पोरगा अजून पोती उचलतो आणि अजून चेंडू टाकतो. गेल्या हिवाळ्यात त्याला पुन्हा बोलावणे आले. या वेळी संघटनेच्या कचेरीत बसून आम्ही आणि त्याने मिळून निरोप धाडला: खेळेन, पण नाव यादीत पाहिजे, फोटोत पाहिजे, आणि कप्तान हात वर करून निवडावयाचा. पहिल्या दोन गोष्टी त्यांनी मान्य केल्या. तिसरीवर अजून बोलणे चालू आहे.

विठ्ठल पालवणकर यांनी 'माझे क्रीडा-जीवन' या नावाचे आत्मचरित्र मराठीत लिहिले, ते १९४८ साली निघाले. आता ते सहजी मिळत नाही. आपल्या वाचनालयाने कोठूनतरी त्याची प्रत मिळवावी अशी चालकांना विनंती आहे. छायाप्रत काढावी लागली तर तिचा खर्च हमालांची संघटना देईल. तसा ठराव आम्ही करून घेतला आहे.